हौदातले पन्नास

सर्जेकोटात बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे.
त्याच्या मागच्या हौदात जयवंत कुबल
नवं जाळं दर्यात नेण्याआधी बुडवून बघतो.
मोजून पन्नास काळुंद्री सोडतो,
ओढतो, मोजतो, पुन्हा सोडतो.
"दर्यात कितके आसत, तां माका कोण सांगतलो?
हयसर म्हायत आसा.
म्हणान जाळ्याची लबाडी हयसरच कळता."

मी त्याला कधी सांगितलं नाही
की आमच्याकडे या हौदाला सिम्युलेशन म्हणतात
आणि त्याचा मला पगार मिळतो.

रात्री माडीवर लॅपटॉप तापत राहतो.
गोळीचा खरा परिणाम किती, ते मी ठरवते.
एरवी घरात कुठली भाजी करायची
तेही मला कुणी ठरवू देत नाही.
अभ्यास सहा: एक थोराड, पाच चिमुकले.
त्यांचं आपसात किती जमू नये, तेही माझ्याच हातात,
चिमूटभर टाकते, मग अजून एक चिमूट.
आणि दहा हजार वेळा
न झालेल्या चाचण्या होतात,
न जन्मलेल्या बायका न लावलेल्या भातात
घोटाभर पाण्यात उभ्या राहतात,
कुणी गोळी घेऊनही तापाने फणफणते,
कुणी न घेता ठणठणीत,
आणि दर खेपेला दोन पद्धती
आपापलं जाळं टाकतात.
सत्य आत आलं की एक खूण.
निसटलं की कोरी जागा.

चारच्या सुमारास वीज गेली.
पंखा थांबला, डास आले, मोजणी चालूच:
सहा हजार दोनशे अकरा, बारा.

सकाळी निकाल.
जुनी पद्धत, सगळे वापरतात ती,
मीही वापरली, माझ्या प्रबंधात, पान एकशेबारा,
शंभरात पंच्याण्णव वेळा धरीन म्हणते.
धरलं त्र्याऐंशी वेळा.
दुसरी, ओबडधोबड, ऐसपैस तोंडाची,
जिचं उत्तर इतकं रुंद की बैठकीत लोक घड्याळं बघतात,
चौऱ्याण्णव.

चहावर साय धरली.
ती खोटं बोलत नव्हती, जुनी.
सहाच अभ्यासांतून
आपल्याला किती कळलेलं नाही
याचं माप तिला घेता येत नव्हतं, इतकंच.
पान एकशेबारावर मलाही नव्हतं आलं.

ओरोसहून डॉक्टर मसुरकरांचा फोन:
"हो की नाही, एवढंच सांग गो.
लावणीच्या आधी गोळ्यांची मागणी गेली पाहिजे."
खरे सहा अभ्यास समोर पसरलेत.
जुन्या जाळ्यात उत्तर हो.
नव्यात: बहुधा हो, पण शून्यही आत तडफडतंय.
म्हटलं, दोन दिवस द्या.

त्या दोन दिवसांत मी एक वाईट काम केलं.
ज्या अभ्यासांत काही सापडलं नाही
त्यांतले दहातले सात ड्रॉवरमध्ये कोंबले,
जगात कोंबतात तसे,
आणि पुन्हा दहा हजार.
दोन्ही जाळी फाटली. एक बासष्टवर, दुसरी एकाहत्तरवर.
लिलावाला येते ती पाटी सगळे मोजतात.
रिकामी होडी
अंधारात कोळंबच्या खाडीत शिरते,
तिची नोंद कुठे असते?

संध्याकाळी हे सगळं कुबलला सांगितलं,
जमेल तसं, आकडे गाळून.
तो जाळ्याची गाठ दातांनी ओढत होता.
"बरां. पण तुझ्या हौदात भरती येता?"
नाही म्हटलं.
"वारो?"
मी घातला तेवढाच.
तो काही बोलला नाही. मीही.

मसुरकरांना तीन ओळी लिहिल्या,
तिसरी दोनदा खोडून:
बहुधा उपयोग होतो. किती, ते सांगता येत नाही.
न छापलेले अभ्यास कुणाकडे असतील तर मागवा.

मग खाली हौदाशी गेले.
कुबल ओढून झाला होता, मोजत होता.
एकोणपन्नास.
पुन्हा मोजले. एकोणपन्नास.
त्याने लुंगी वर खोचली, गुडघे टेकले,
गंजलेल्या नळीमागे खांद्यापर्यंत हात घातला.
"एक हयसरच खंयतरी आसा," म्हणाला,
आणि चाचपत राहिला.
दर्यात असता तर
त्याने शोधलाही नसता.